पंख्याखाली वाळवलेल्या कुरडया

बाळांनो, होळीनंतरचा पहिला रविवार माझ्याकडे कुरडयांचा असतो. गुरुवारी गहू भिजत घालायचे, शनिवारी वाटून चीक काढायचा, रविवारी सकाळी शिजवून गच्चीवर घालायच्या. सोलापूरच्या उन्हात संध्याकाळपर्यंत खणखणीत वाळतात. तुमचं पार्सल त्यातूनच निघतं.

यंदा गुरुवारीच आभाळ भरून आलं आणि गार वारा सुटला. कामाला मदत करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "बाई, आजच गहू उपसा. आभाळ लई वंगाळ हाय."

"मार्चमध्ये इथे पाऊस? मावशी, मी तीस वर्षं भूगोल शिकवलाय."

"व्हय, पर ह्ये आभाळ तुमच्या शाळंत नव्हतं की!"

मी ऐकलं नाही. रविवारी दुपारी गारा पडल्या. साड्यांची टोकं धरून आम्ही कुरडया खाली आणेपर्यंत निम्म्यांचा लगदा झाला होता. उरलेल्या दिवाणखान्यात पसरल्या आणि पंखे पाचावर ठेवले. बाहेर पाऊस, आत वारा. स्वेटर मी आधीच डांबराच्या गोळ्या घालून माळ्यावर टाकले होते. तुमचे आजोबा कानाला टॉवेल गुंडाळून म्हणाले, "कुरडयांबरोबर मलाही वाळवतेस का?" मला हसू आलं नाही. माझ्या हातचं वर्षातून एकदाच तुमच्या ताटात जातं.

पाऊस चार दिवस हटला नाही. कुरडयांवर काळे ठिपके आले, आंबूस वास सुटला. मावशींनी एक शब्द न बोलता त्या पाटीत भरून टाकून दिल्या. दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

तुमच्या बाबांना फोनवर सांगितलं, यंदा पार्सल नाही.

"बरंच झालं, आई. गेल्या वर्षीचा डबा अजून तसाच आहे. मुलं खात नाहीत गं."

"आणि त्याआधीचा?"

 तो इथल्या हवेची चौकशी करू लागला.

दर वर्षी पार्सल पोचलं की तुम्ही फोनवर "मस्त झाल्यात, आजी" म्हणता. ते तुम्हाला कोण शिकवतं, हे मी विचारणार नाही. कुरडया आवडत नसतील तर तसं तुम्ही स्वतः लिहा. इंग्रजीत लिहिलंत तरी चालेल, ती भाषा मला तुमच्या बाबांपेक्षा बरी येते. आता ऊन पुन्हा कडक पडलंय. तुमचं उत्तर येईपर्यंत मी गहू भिजत घालणार नाही.