जुळी बाटली

आमच्या घरात नाकाने कांदे सोलणारं माणूस एकच, आणि त्यांचा तो धंदाच आहे. माझ्या थोरल्या नणंदबाई. वाइन चाखायची आणि तिला शंभरातले गुण द्यायचे, हे त्यांचं काम. माझी मुलं लहानपणापासून त्यांना नाकआत्या म्हणत आली, कारण ताई दारातून आत आल्या की चपला काढायच्या आधी हवा हुंगतात आणि विचारतात, "दूध उतू गेलं होतं का गं?" गेलेलं असतंच. मी ओटा पुसून, खिडकी उघडून, साळसूदपणे पेपर वाचत बसलेली असते. पण उपयोग नसतो.

लोकांना वाटतं, काय मजा आहे! दिवसभर प्यायचं आणि वर लोकांनी मॅडम म्हणायचं. ताई पीत नाहीत. घोट तोंडात घेतात, जिभेवर खेळवतात, ओठांच्या फटीतून हवा आत ओढतात, तेव्हा नळाला पाणी येण्याआधी होते तशी खरखर होते, आणि मग शेजारच्या स्टीलच्या डब्यात थुंकतात. एकामागून एक, सकाळभर. इतक्या वर्षांच्या आंबटाने त्यांच्या दातांवरचं कवच झिजून गेलंय. थंड पाणी चालत नाही, लिंबू चालत नाही, सफरचंद द्यायचं तर कागदासारखं पातळ चिरून.

कॉलेजात रसायनशास्त्र घेतलं, बाटल्या भरायच्या एका गोदामात तपासनीस म्हणून लागल्या, आणि तिथे कुणाच्या तरी लक्षात आलं की कुजक्या बुचाची बाटली ही मुलगी टेबलाच्या पलीकडून ओळखते. झालं. तिथून पुढचं आयुष्य पांढऱ्या टेबलक्लॉथवर गेलं. गावोगावचे हॉल, हॉटेलांतल्या एकसारख्या खोल्या. अंगाला अत्तर नाही, हाताला क्रीम नाही, केसांना वासाचं तेल नाही. लग्नाचं कुणी काढलं की म्हणायच्या, "ज्याच्या अंगाला कसलाच वास येत नाही असा शोधून आणा." तसा कुणाला सापडला नाही.

त्या राहतात एका लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत. दिवसभर साबणाची वाफ वर येत असते, म्हणून लहानसहान वायनऱ्यांचं काम त्या आमच्या जेवणाच्या टेबलावर करतात. त्या कामातली मदतनीस मी. बिनपगारी, फुल अधिकारी.

माझं मुख्य काम म्हणजे बाटल्यांना मोजे घालायचे. थट्टा नाही. मुलांचे शाळेचे, गुडघ्यापर्यंतचे लोकरी मोजे मी त्यासाठीच ठेवून दिलेत. बाटलीला मोजा चढवायचा, मानेशी रबर लावायचं, वर आकडा चिकटवायचा. लेबल दिसलं की जीभ डोळ्यांचं ऐकायला लागते, असं ताई म्हणतात. मग स्वयंपाकघरात सगळे ग्लास एकदम भरायचे, वर बशा झाकायच्या आणि भिंतीतल्या लहान खिडकीतून ट्रे जेवणाच्या खोलीत सरकवायचा. त्या सकाळी घरात कांदा चिरायचा नाही, चहा उकळायचा नाही. जेवणाच्या खोलीची खिडकी अर्धी उघडी आणि हीटर बंद. दात वाजले तरी बंद. ग्लास उचलला की ताई आधी तो गालाला लावतात. गाल हा त्यांचा थर्मामीटर. "हं," म्हणाल्या तर पुढे नाक आणि जीभ. "अंहं," म्हणाल्या तर वाइन थोडी थांबते.

आणि एक नियम असा, जो मी दुसऱ्या कुणाकडे ऐकला नाही. वायनरीकडून आलेल्या बाटल्यांपैकी एकाच वाइनच्या दोन बाटल्यांना मी वेगवेगळे मोजे, वेगवेगळे आकडे द्यायचे आणि रांगेत मनाला येईल तिथे घुसवायच्या. ही जुळी. कुठली, ते फक्त मला माहीत. शेवटी दोघींचे गुण एक-दोनच्या फरकाने जुळले, तर त्या सकाळचे सगळे गुण खरे. नाही जुळले, तर सगळी सकाळ पाण्यात. हे कुणी त्यांच्यावर लादलेलं नाही, स्वतःच घेतलेला वसा आहे. "दुसऱ्यांना मार्क देत फिरणाऱ्याला कुणीतरी मार्क द्यायला नकोत का?" असं त्यांचं म्हणणं.

आमच्या टेबलावर जुळी कधी फुटली नव्हती, गुण दर वेळी जुळले होते. फुटली ती या हिवाळ्याच्या तोंडाशी, एका मोठ्या स्पर्धेच्या हॉलमध्ये; तिथेही त्या वाढणाऱ्या पोराकडून जुळी लपवून घेतात. ताई तिथून थेट माझ्याकडे आल्या, कोट न काढता स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या.

"सहाचा फरक आला," म्हणाल्या.

"दमला असाल."

"दमल्याचे मार्क वेगळे देत नाहीत गं." मग कोटाचं एक बटण काढलं. "अजून एकदा असं झालं की पेला पालथा, हे काम बंद. सांगून ठेवते. तेव्हा माझी समजूत काढायला बसू नकोस."

हे मी घरात कुणालाच सांगितलं नाही. आमच्या ह्यांनासुद्धा नाही. ते ताईंचे धाकटे भाऊ. बहिणीला शिंक आली तरी डॉक्टर गाठणारे. त्यांना सांगितलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं.

मग डोंगरवाला आला. हे आम्ही ठेवलेलं नाव. वर, जिथे सकाळचं धुकं दुपारपर्यंत हलत नाही अशा उतारावर त्याची टीचभर वायनरी आहे. थंडीत द्राक्ष सावकाश पिकतं, गोडी बेताची येते, आंबटपणा टिकून राहतो. सपाटीवरच्या दुकानदारांनी त्याच्या वाइनला 'आंबट पाणी' म्हणून परत पाठवलं होतं. आता सगळी भिस्त ताईंच्या गुणांवर. कारण व्यापाऱ्यांच्या मासिकात ताईंचे गुण छापून आले की दुकानदार निदान बूच तरी काढून बघतात. त्याने बाटल्या सफरचंदांच्या खोक्यात, ब्लँकेटमध्ये गुंडाळून आणल्या होत्या. प्रत्येक वाइनच्या जादाच.

"मॅडम, हळू. पोरं वाटेतच झोपलीयत."

"मग झोपू दे दोन दिवस. आणि तूही झोप. डोळे बघ काय झालेत ते."

"झोपतो की. तुम्ही मार्क दिले की झोपतो."

चाखायच्या दिवशी ताई जिना चढून आल्या त्या कठडा धरून. गुडघे दुखत होते, चेहरा उतरलेला. मी म्हटलं, "आज राहू द्या का?"

"उद्या काय मी तरुण होणार आहे?"

सात वाइन, आठ ग्लास. जुळी मी दुसऱ्या आणि शेवटच्या जागी लपवली. ट्रे सरकवला आणि मुलांचा जुना फळा घेऊन खिडकीपाशी उभी राहिले. त्या बोलतात, मी खडूने लिहिते. खिडकी लहान, मला त्यांचे हात आणि हनुवटीच दिसते, बाकी खोली नाही.

पहिला ग्लास गालाला लागला. "हं. हिरव्या सफरचंदाची साल. ओली पाटी. ब्याऐंशी."

दुसरा. हा जरा जास्त वेळ नाकाशी राहिला. "हिला म्हणतात थंडी," त्या हळूच म्हणाल्या. "अंगावर नाही, आत लागते. सत्त्याऐंशी."

मला वर उडी मारावीशी वाटली. सत्त्याऐंशी ताई वर्षातून एखाद्या वेळी देतात. पण मदतनिसाने तोंड मिटून राहायचं असतं. तिसऱ्यानंतर आमच्या ह्यांची पावलं खोलीत वाजली आणि परत गेली. रेड वाइनला "या पोरीला अजून उन्हात खेळायला सोडायला हवं होतं," म्हणून अठ्ठ्याहत्तर मिळाले. एक गोष्ट मला दिसत होती. पुढचे ग्लास ताई गालाला न लावता थेट नाकाशी नेत होत्या. मनात आलं, हात सरावला असेल.

आठवा. "सैल आहे," ताई म्हणाल्या. "वर नुसतं मद्य झोंबतंय. मधे काही नाही. एकोणऐंशी."

माझा खडू थांबला. तो आवाज थांबलेला ताईंना कळला.

"जुळी कुठली?"

खोटं बोलावं असं वाटून गेलं. पण ज्यांना उतू गेलेलं दूध लपत नाही, त्यांच्याशी काय खोटं बोलणार? "दुसरी," मी म्हटलं, "आणि ही."

"आठ," ताई म्हणाल्या. एवढंच. रुमालाने ओठ टिपले आणि तो आठवा ग्लास टेबलावर पालथा ठेवला. राहिलेल्या थेंबांचं टेबलक्लॉथवर गोल उमटलं.

मी धावत आत गेले, तर उबेचा भपकारा तोंडावर आला. खिडकी बंद. टेबलाखाली हीटर, तार लालबुंद. आणि ग्लासांच्या रांगेचं शेवटचं टोक बरोबर त्याच्यावर.

"हे इथे कुणी आणलं?"

"मी," शेजारच्या खोलीतून आमचे हे. "तिचे गुडघे बघितलेस का? माझ्या बहिणीला बर्फात बसवून मोजे काय घालतेस बाटल्यांना! तिला घाल."

"अहो, वाइन गरम झाली!"

"ग्लासाला ताप आला का? औषध देऊ?"

पण मला रागही धड येईना, इतकी मी आनंदले होते. "ताई, ऐकलंत का? तुमचं काही चुकलं नाही. हीटरने घात केला. थंडीतल्या वाइनला ऊब लागली की ती सैल पडते, हे तुम्हीच मला शिकवलंत."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. "मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"धाकटा हीटर ठेवून गेला ते. पायांशी ठेवला, मला कळणार नाही का? खिडकी लावली तीही कळली. बरं वाटलं गं. गुडघ्यांना इतकं बरं वाटलं की म्हटलं, राहू दे." मग गुडघा चोळत, "ग्लास गालाला लावला असता तर हीटर बंद करावा लागला असता. म्हणून लावला नाही. तिशीत असते तर हाकलून दिलं असतं त्याला, हीटरसकट."

आमचे हे दारात येऊन उभे होते. दोन मोठ्या मुलांचे बाप, पण फुलदाणी फोडलेल्या पोरासारखे. "मी आपलं मायेने..."

"मायेनेच रे. मायेलाच तर नाही म्हणता आलं नाही."

त्यांची समजूत काढायची नाही, हे मला आधीच बजावलेलं होतं. म्हणून मी काढली नाही. खाली बसून हीटरची पिन ओढली आणि म्हटलं, "तुमचं तुम्ही ठरवा. पण डोंगरवाल्याच्या वाइनला आज गुण मिळालेले नाहीत, ते ह्या हीटरला मिळालेत. जादा बाटल्या आहेत. उद्या पुन्हा करू. त्याच्यासाठी."

ताईंनी टेबलक्लॉथवरच्या गोलावर रुमाल टाकला. "त्याच्यासाठी," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या कोट, शाल आणि कानटोपी घालून टेबलाशी बसल्या. बोलताना तोंडातून वाफ निघत होती. खिडकी सताड उघडी. आमच्या ह्यांना मी बाहेरच्या पायरीवर बसवलं आणि आत आलात तर जेवण बंद असं सांगून ठेवलं. आज मी जुळी बदलणार, असं ताई धरून चालणार हे मला ठाऊक होतं; म्हणून बदलली नाही. तीच वाइन, तिसऱ्या आणि सातव्या जागी.

प्रत्येक ग्लास गालाला लागला. प्रत्येक. मधेच त्यांनी दोन्ही हात शालीत घेतले, डोळे मिटले, आणि मला वाटलं आता उठतात. उठल्या नाहीत. पुन्हा खरखर, पुन्हा डबा. तिसऱ्याला "आत लागणारी," म्हणाल्या आणि शहाऐंशी दिले. सातवा त्यांनी दोनदा गालाला लावला. मग, "पंच्याऐंशी."

आठवा ग्लासही झाला. मी खडू खाली ठेवला.

"जुळल्या?"

"जुळल्या, ताई."

पायरीवरून टाळी वाजली. हे आत घुसलेच. "बघ! म्हटलं होतं ना मी? काही झालेलं नाही तुला!"

"नाही झालेलं," ताई म्हणाल्या. कानटोपी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. केस चेपून बसले होते. "आता थांबते."

"अगं, पण जुळल्या ना!"

"म्हणूनच. काल थांबले असते तर तुम्ही सगळ्यांनी मिळून माझी समजूत काढली असती. वय झालं, जीभ गेली, कुणाचं काय चालतं. आता काढा समजूत! नाक आहे, जीभ आहे. मलाच नको झालंय."

ताईंनी फोन मागितला. जुळ्यांतला कमी तो धरायचा हा त्यांचा शिरस्ता, म्हणून त्यांनी डोंगरवाल्याला पंच्याऐंशी सांगितले आणि रेडचेही जसे होते तसे सांगितले. मग त्याचा आवाज इतका मोठा आला की मलाही ऐकू आला. "मॅडम, शाळेत मला कुठल्याच विषयात एवढे पडले नव्हते!"

ताई हसल्या. त्या दोन दिवसांत पहिल्यांदा.

"पुढच्या वर्षीही तुमच्याकडेच घेऊन येतो मॅडम."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा भावाकडे. "आण की," म्हणाल्या. "प्यायला आण."

फोन ठेवला. मी खिडकी लावायला उठले तशी भावाकडे वळून म्हणाल्या, "धाकट्या, आता लाव तुझा तो हीटर."

त्यांनी तो अगदी पायांशी आणून ठेवला, पिन लावली, तार लाल होईस्तोवर तिथेच उकिडवे बसून राहिले. ताईंनी सातव्या मोज्यातली बाटली ओढली, स्वतःच ग्लासात ओतली, आणि ग्लास धरून तशाच बसून राहिल्या, खोली गरम होईपर्यंत. मग प्यायल्या. खरखर नाही, डबा नाही, सरळ गिळलं.

"कशी आहे?" मी विचारलं.

"कोमट झालीय," ताई म्हणाल्या आणि ग्लास पुढे केला. "अजून थोडी दे."