मालकीणबाईंचा भाऊ

लॉन्ड्रीवाल्या बाईंचं डोकं तल्लख. मळलेल्या कॉलरवरून त्या माणसाचा स्वभाव सांगत. अशा बाईने एकदा असा काही मूर्खपणा केला की विचारू नका.

त्यांच्या दुकानात इस्त्री करायचा तो त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. चाळिशीचा, ऑटिझम असलेला. शर्टाची घडी अशी घालेल की उलगडायला जिवावर यावं, पण गिऱ्हाइकाने "काय, ओळखलंत ना?" विचारलं, तर "नाही" म्हणून मोकळा. बाईंच्या मुलीचं लग्न ठरलं, मुलाचे आईवडील पहिल्यांदाच घरी आले, आणि हा पाणी प्यायला आला तो पाहुण्यांच्या मधूनच, कुणाकडे न बघता, आरपार.

"हे कोण?" होणाऱ्या विहिणीने विचारलं.

"आमचा कामगार. दुकानात असतो," बाईंच्या तोंडून निघून गेलं. निघून कसलं जातंय! ठरवूनच बोलल्या.

दुसऱ्या दिवशी भाऊ म्हणाला, "मालकीणबाई, निळा शर्ट झाला."

"काय रे, चेष्टा करतोस माझी?"

"नाही. काल तुम्हीच सांगितलंत, मी कामगार आहे."

"अरे, ते लोकांसाठी होतं!"

"कोणत्या लोकांसाठी?"

याला कुठे काय कळतंय, शब्द धरून बसलाय, विसरेल, अशी बाईंनी स्वतःची समजूत घातली. सोयीची होती. तो काही विसरला नाही. आयुष्यभर 'ताई, तू' म्हणणारा भाऊ 'मालकीणबाई, तुम्ही'वर आला तो आलाच.

पुढे हॉस्पिटलात एक अभ्यास निघाला. ऑटिझम किंवा स्किझोफ्रेनिया असलेल्यांना मशीनमध्ये निजवायचं, छोटे प्रसंग दाखवायचे, त्यातल्या माणसांच्या मनात काय असेल ते विचारायचं आणि तेव्हा मेंदूचा कोणता भाग कामाला लागतो ते बघायचं. भाऊ हौसेने तयार झाला. त्याला यंत्रं आवडतात.

मशीन चालवणाऱ्या मुलीने विचारलं, "सोबत कोण आलंय?"

"मालकीण."

"घरचं कुणी नाही?"

बाईंचं तोंड एवढंस्सं झालं. "मी... बहीण आहे त्याची," त्या पुटपुटल्या.

काम आटोपल्यावर त्यांनी अभ्यास घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. "त्याला लोकांची मनं कळत नाहीत, बरोबर ना? म्हणजे कुणी काही बोललं तरी त्याला लागत नसणार?"

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "समोरच्याच्या मनाचा अंदाज घेणं दोन्ही आजा... दोन्ही प्रकारांत अवघड जातं, पण सारख्याच कारणाने नाही. ऑटिझममध्ये मेंदूचे ते भाग पुष्कळदा कमी कामाला लागतात. स्किझोफ्रेनियात कधी कमी, तर कधी नसलेलेही हेतू दिसायला लागतात. आणि हे सगळं सरासरीचं. लागणं-बोचणं वेगळं, बाई. तुमच्या भावाला काय वाटलं ते माझ्या मशीनच्या चित्रात नाही. त्याला विचारलंत का?"

नव्हतं विचारलं. बाहेरच्या बाकावर बसून विचारलं, "त्या दिवशी तुला वाईट वाटलं का रे?"

"हो. जेवण गेलं नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

बाई पदराने डोळे पुसायला लागल्या. तो समोरच्या लिफ्टचे आकडे बघत होता. त्या म्हणाल्या, "चुकले मी. तू माझा भाऊ आहेस."

"हे मला माहीत आहे. तेव्हा मुलीचे सासूसासरे होते. त्यांना सांगा."

"फोन करते."

"फोनवर नाही. तेव्हा सगळे बसले होते. तसेच बसवून सांगा."

झालं! रविवारी पाहुण्यांना पुन्हा बोलावणं गेलं. तेच दोघं, तोच सोफा; मुलगी दाराशी, भाऊ बाईंच्या शेजारी ताठ उभा. बाईंनी घसा खाकरला, पाण्याचा घोट घेतला, आणि एका दमात सांगून टाकलं, "हा कामगार नाही. माझा सख्खा भाऊ. मला लाज वाटली म्हणून मी खोटं बोलले."

विहीणबाई म्हणाल्या, "अहो, आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. नाक बघा ना दोघांचं! पण तुम्हीच लपवलंत, मग आम्ही कसं विचारणार?"

म्हणजे एवढे दिवस त्या घरात बाईंचीच चर्चा! मुलगी मान खाली घालून उभी होती. त्यांना कळलंय हे तिलाही ठाऊक असणार. बाईंना कुठे बघावं कळेना.

"बरोबर सांगितलंत," भाऊ म्हणाला आणि इस्त्री तापवायला दुकानात निघून गेला. 'ताई' काही म्हणाला नाही. मागायचं तोंड बाईंना नव्हतं.