आबांच्या चित्राचा डबा

मी आणि नवरा दोघंही अंबडच्या कंपन्यांत कामाला. त्याच्या कंपनीत ओव्हरटाइम बंद झाला, तेव्हा आम्ही पोरांनाही घरखर्चाच्या हिशेबात बसवायचं ठरवलं. मुलगा तिसरीत, मुलगी अजून बालवाडीत. दोघांची पक्की समजूत, की पैसे मोबाईलमध्येच उगवतात. त्यांना तरी काय बोलणार? पगार आधी देवापुढे ठेवायचा, ही आमच्या घरची रीत. आता पगार थेट खात्यात जमा होतो, म्हणून माझे सासरे, म्हणजे आबा, बँकेचा मेसेज आलेला मोबाईलच देव्हाऱ्यात ठेवून त्याला हळदकुंकू वाहतात. काचेवरचं कुंकू पुसताना नवरा दर महिन्याला कुरकुरतो.

त्या महिन्यात त्याने पैसे रोख काढून आणले. देवापुढून उचलून आम्ही ते चटईवर मांडले आणि शेजारी श्रीखंडाचे रिकामे डबे ठेवले. मुलीला वाचता येत नाही, म्हणून डब्यांवर तिने चित्रं काढली. गाय म्हणजे दूध, बल्ब म्हणजे लाईटबिल, कांदा म्हणजे भाजी-किराणा. आबांच्या बीपीच्या औषधांच्या डब्यावर गोळी काढ म्हटलं, तर तिने टोपी घातलेले, मिशीवाले आबाच काढले! आम्ही पोट धरून हसलो. आबा मात्र ते चित्र किती तरी वेळ न्याहाळत बसले.

नियम मी केला. महिनाअखेर ज्या डब्यात जे उरेल, ते पोरांना हव्या असलेल्या सायकलच्या डब्यात जाईल. एवढीशी पोरं पैशाकडे बघतात तरी कशी, याचं मला भारी कुतूहल होतं. आणि बघायला मिळालंही. बाप जेवत असताना मुलाने त्याच्या डोक्यावरचा पंखा बंद केला. भाजीवालीने वरून कोथिंबीर घातली नाही, तर हा गडी पिशवी उघडी धरून तसाच उभा! मुलीचे प्रश्न वेगळेच. "वीज तर दिसत पण नाही, मग तिला एवढे पैसे कशाला?"

एकदा मुलाने आबांसमोरच विचारलं, "आई, किराण्यानंतर सगळ्यात जास्त पैसे आबांच्याच डब्यात का?"

"वय झालं की औषधं लागतात," मी म्हणाले आणि पोळी लाटायला लागले.

महिना संपला. बल्बचा डबा रिकामा, कांद्याचा त्याहून रिकामा. आबांच्या डब्यात मात्र चांगल्या नोटा शिल्लक. पोरं नाचायला लागली. आबाही टाळ्या वाजवत होते. आपली औषधं ते स्वतःच चालत जाऊन आणतात, पण मेडिकलवाला असा एकाएकी उदार कसा झाला? मला राहवेना. खुंटीवरच्या त्यांच्या बंडीचा खिसा मी चाचपला. आत गोळ्यांची पट्टी होती, आणि कागदाच्या पुडीत सकाळच्या गोळीचा अर्धा तुकडा.

"आबा, ताकाला जाऊन भांडं काय लपवता? अर्ध्या अर्ध्या गोळ्या घेताय तुम्ही!" सासऱ्यांपुढे माझा आवाज चढायची ही पहिलीच वेळ.

"अर्ध्यावर बी चालतंय की, सूनबाई. माझं आता काय राह्यलंय? पोरांना लय हौस हाय सायकलची."

मला इतका राग आला, की रडूच फुटलं. औषधाच्या डब्याला हा नियम नाही, असं मी तिथल्या तिथे जाहीर केलं. मुलाने खाली मान घालून नोटा परत आबांच्या डब्यात ठेवल्या. आबांनी त्या पुन्हा काढून सायकलच्या डब्यात कोंबल्या. नवऱ्याने डॉक्टरांची भीती घातली, मी हात जोडले. पण म्हातारा ऐकेल तर शपथ! "उद्यापास्नं बी अर्धीच घेईन. मला कुठं कामाला जायचंय?" म्हणाले.

मुलगी इतका वेळ तो गोळीचा तुकडा उलटसुलट करून बघत होती.

"आबा, अर्ध्या गोळीत तुम्हाला पळता येतं का?"

"आता मी कशाला पळू, बाळा?"

"मग माझी सायकल मागून कोण धरणार? आईपप्पा तर कंपनीत असतात."

आबांनी तिच्या हातातला तुकडा घेतला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "सूनबाई, पाणी दे जरा."