मुक्ताचं मौन

स्काउट-गाइडच्या शिबिरात मानाच्या पथकात कुणाला घ्यायचं हे मुलीच ठरवतात. यंदा त्यांनी माझ्या मुक्ताला निवडलं. मान म्हणजे हारतुरे असणार असं वाटून मी पेढे घेऊन पोचले, तर मुक्ता डोक्याला रुमाल बांधून शिबिराचं स्वयंपाकघर झाडत होती. मी हाक मारली. तिनं नुसतं ओठांवर बोट ठेवलं.

"काकू, आज दिवसभर तिनं बोलायचं नाही, पडेल ते काम करायचं," पथकातली एक मोठी मुलगी म्हणाली. "आम्हीही असंच केलं होतं."

ही शिक्षा की सत्कार, मला कळेना. पाण्याच्या बादल्या वाहणाऱ्या पोरीचा शांत चेहरा मला अनोळखी वाटत होता.

संध्याकाळी सगळ्या गोल करून उभ्या राहिल्या. त्या मोठ्या मुलीनं मुक्ताच्या खांद्यावर पथकाचा पट्टा चढवला आणि कानात काहीतरी सांगितलं. मुक्ताचे डोळे भरून आले.

परतताना मी विचारलं, "काय गं म्हणाली ती?"

"ते सांगायचं नसतं, आई."

शाळेतली बारीकसारीक गोष्टही मला सांगितल्याशिवाय न जेवणारी माझी लेक! मी मान डोलावली. आनंद झाला होता, पण रडू कशाचं येत होतं?