मरताना पट्टे येतात

मेव्हण्याचा मासा एप्रिलमधल्या एका दुपारी कोरड्या घमेल्यात मेला. घमेल्यात त्याने तो स्वतःच्या हाताने टाकला होता. त्याआधी मी एक वाक्य बोललो होतो, आणि मासा अर्धा मेल्यावर दुसरं. पहिलं वाक्य चूक होतं. दुसरं खोटं होतं.

मासा बिचिर जातीचा. आफ्रिकेतल्या नद्यांमधला, लांबट, अंगावर चिलखतासारखे कडक खवले, पाठीवर ओळीने उभे राहिलेले सुटे छोटे पर. याला कल्ल्यांबरोबर फुप्फुसंही असतात, म्हणून मधूनमधून वर येऊन तो हवा गिळतो. नांदेड-लातूरकडे हा मासा घरात पाळणारे आम्ही मोजकेच, आणि सगळे एका व्हॉट्सअ‍ॅप गटात. गटात कायम एकच वाद: कुणाचा मासा कोणत्या नदीचा. जात तीच, पण गिनीतल्या नदीकडून आलेल्याचे पट्टे काळे आणि सलग, नायजेरियाकडच्याचे फिके आणि तुटक, असं आम्ही मानतो. टाकीत पैदास केलेले संकर निराळेच. माशाला नदीचं नाव लागलं की मालकाला मान. संकर निघाला की मालकाचं हसू.

शेवटचा शब्द माझा असायचा. मी लातूरला ज्युनियर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, पण माझी नजर वडिलांकडून आली असं गटातले लोक म्हणायचे, आणि मला ते आवडायचं. वडील देवणी गुरांचे पारखी. वासरू ओलं असतानाच तोंड आणि पोट बघून देवणीतली पोटजात सांगायचे, हा वानेरा, हा बालंक्या, हा शेवरा. भलत्या जागी ठिपका दिसला तर म्हणायचे, "यात भेसळ हाय." ते वासरू मग आमच्या दावणीला राहत नसे. माशांचे फोटो आले की मीही तसंच झटक्यात सांगायचो. पण गुराचा ठिपका जन्मभर जागेवर राहतो. बिचिर तळ बघून रंग बदलतो. पांढऱ्या तळावर फिका पडतो. तो ओळखायचा तर जबडा बघावा लागतो, पर आणि खवले भिंगाखाली मोजावे लागतात. हे मला पक्कं माहीत होतं. गटातल्या लोकांना मीच ते शिकवलं होतं.

मेव्हण्याचं नांदेडला मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. हा मासा त्याने बोटाएवढा असताना आणून हातभर लांब केला होता. गिनीचा म्हणून त्याला मिळाला होता. हैदराबादच्या एका माणसाकडे त्याच नदीची मादी होती. मी समक्ष बघून 'गिनीचाच' असं गटात लिहिलं, तर तो ती पैदाशीला देणार होता. मेव्हण्याला दुसरं काही सुचत नव्हतं. "दाजी, फोटोवर नका सांगू," तो फोनवर म्हणाला. "या, हातात घेऊन बघा. तुमी हाव म्हणलं की मादी आली समजा." त्याने गटातल्या इतरांनाही जेवायला बोलावलं.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. आमच्या लग्नाच्या बैठकीत मुलीकडच्यांनी आमची कुळी विचारली होती. वडिलांनी सांगितली. तिचा एक चुलता म्हणाला, "सांगायला काय, कुणीबी शहाण्णव सांगतंय." बैठक हसली. तेव्हा कॉलेजात शिकणारा हा मेव्हणाही हसला. मी ते विसरलो, असं बायकोला मी आजवर सांगत आलो.

मी बायकोला घेऊन नांदेडला गेलो. मेव्हण्याच्या पुढच्या खोलीत टाकी होती. तळाशी पांढरे संगमरवरी खडे, वर झगझगीत दिवा. मासा उठून दिसावा म्हणून. मासा धुऊन विटलेल्या सदऱ्यासारखा दिसत होता. पट्टे होते, पण पुसट.

"काढ बाहेर," मी म्हणालो.

ओला टॉवेल टीपॉयवर अंथरून त्याने मासा त्यावर ठेवला. मी भिंग काढलं आणि खवले मोजायला लागलो. भोवती सगळे वाकलेले. माशाने अंग झटकलं आणि माझी मोजणी चुकली. पुन्हा पहिल्यापासून मोजायला हवं होतं. मला इतक्या लोकांत लाज वाटली. मी नुसते पट्टे बघितले आणि भिंग खिशात ठेवलं.

"क्रॉस आहे."

"कशाचा?" मेव्हण्याने विचारलं.

"ते त्याच्या आईला माहीत."

लोक हसले. "पण दाजी, गिनीचा म्हणून सांगूनच दिलता मला."

"सांगायला काय," मी म्हणालो, "कुणीही गिनी सांगतं."

त्याने माझ्याकडे बघितलं. बैठक त्याला आठवली की नाही, मला कळलं नाही. "एकडाव परत मोजता का?" तो म्हणाला.

"आमच्या वडिलांनी वासरू कधी दोनदा बघितलं नाही."

बिलोलीचा एक किराणा दुकानदार म्हणाला, "आता ह्याला बायको कोण देतंय. रस्सा करा." सगळ्यांत जास्त वेळ मेव्हणाच हसला. मासा परत पाण्यात सोडला असता, तर तो सगळ्यांच्या समोर फिरत राहिला असता. त्याने तो टॉवेलसकट उचलला, मागच्या अंगणात नेला आणि भिंतीशी पडलेल्या बांधकामाच्या घमेल्यात टाकला. घमेलं जुनं, आतून डांबर लागून काळं झालेलं.

"संपला विषय," हात पुसत तो म्हणाला. "चला, ताटं झालीत."

मागच्या ओट्यावर पंगत बसली. मटण होतं. घमेलं माझ्या बरोबर समोर. फुप्फुस असलेला मासा लवकर मरत नाही. दर थोड्या वेळाने टच् असा आवाज यायचा. तो हवा गिळत होता. पुढच्या परांवर तो उठायचा, घमेल्याच्या कडेला नाक लावून चालायला बघायचा आणि घसरायचा.

"लई चिवट हाय की," हदगावचा एक मास्तर म्हणाला.

"क्रॉस चिवटच असतंय," बिलोलीचा दुकानदार म्हणाला.

बायको वाढायला आली. "अहो, जिवंत हाय ते. पाणी तरी घाला." तिने तांब्या उचलला.

"ताई, राहू दे," मेव्हणा म्हणाला.

तिने माझ्याकडे बघितलं. "भाकरी वाढ," मी म्हणालो.

रस्सा दुसऱ्यांदा फिरला तेव्हा मला पट्टे दिसले. काळ्या घमेल्यात माशाचा रंग गडद होत चालला होता. पाठीपासून पोटापर्यंत उतरणारे, रुंद, सलग, कुठेही न तुटलेले पट्टे. पांढऱ्या खड्यांनी तो विटला होता, एवढंच. नुसता तांब्याभर पाण्याचा प्रश्न होता, आणि माझ्या एका वाक्याचा. मी नळी फोडून चोखली.

मेव्हणा हात धुवायला उठला आणि घमेल्यापाशी थांबला. उकिडवा बसला.

"दाजी," तो हळू आवाजात म्हणाला. "बघा बरं. पट्टे येऊन राहिलेत."

पंगत वळून बघायला लागली.

"गिनीचे असतेत तसेच हायत न्हाई का?" त्याचा हात तांब्यावर होता. तो माझं तोंड बघत होता, माशाचं नाही.

"मरताना पट्टे येतात," मी म्हणालो. "सगळ्याच बिचिरना. क्रॉसलाही."

"असं का," तो म्हणाला. त्याने तांब्या जागेवर ठेवला आणि इतरांना सांगितलं, "ऐकलं का, मरताना येतेत." एक-दोघांनी माना डोलावल्या. नवीन काही शिकल्यासारख्या.

भिंतीवरचं ऊन सरकून गेलं तेव्हा आवाज थांबला. मेव्हण्याने कढीपत्त्याच्या बुडाशी खड्डा केला. हैदराबादची मादी दुसऱ्या कुणाकडे गेली. मेव्हणा अजून गटात आहे. त्याच्याकडे आता बिचिर नाही, पण नव्या लोकांच्या शंकांना सगळ्यांच्या आधी तोच उत्तर देतो. माझी शिकवण त्याला तोंडपाठ आहे.

मागच्या महिन्यात देगलूरच्या एकाने फोटो टाकला. टाकी धुवायची म्हणून त्याने मासा काळ्या टबात ठेवला होता आणि पट्टे एकदम गडद झाले होते. काय झालं असेल, त्याने विचारलं. मेव्हण्याने लगेच लिहिलं: "दाजी सांगतेत, मरताना पट्टे येतात. आता हातचा गेला समजा."

मी स्टाफरूममध्ये होतो. "टब काळा आहे म्हणून" एवढं मी टाइप केलं. पुढे लिहिलं असतं तर मेव्हण्याने विचारलं असतं, मग आमचा? मी ते पुसलं.

दुपारी देगलूरच्या माणसाचा संदेश आला. "उगं हाल कशाला. काढून टाकला."

मेव्हण्याने खाली जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं. मग मीही टाकलं.