घराण्याबाहेरची

टेबलावर हाडं मांडली की त्यातला राजा कोण, ते दिसत नाही. एका जुन्या संस्थानात गादीच्या वादातून राजाचं अख्खं कुटुंब मारून किल्ल्यामागे पुरलं होतं. पिढ्या उलटल्यावर तो खड्डा सापडला आणि ओळख पटवायचं काम आमच्या प्रयोगशाळेकडे आलं. सासरी असल्यामुळे वाचलेल्या राजकन्येची नात, माईसाहेब, तपासणीसाठी रक्त देऊन गेल्या होत्या. निकाल ऐकायला त्या पुन्हा आल्या.

"सगळे तुमचेच आहेत," मी म्हणालो, "फक्त ही बाई सोडून. धाकटं मूल हिच्या कुशीत सापडलं, म्हणून आम्ही हिला राणी समजत होतो. पण हिचं तुमच्याशी रक्ताचं नातं नाही. दाई असावी."

समाधीत घराण्यातल्यांच्याच अस्थी ठेवायचं ठरलं होतं. मी दाईसाठी वेगळी पेटी काढली.

माईसाहेब त्या दोन सांगाड्यांकडे बघत राहिल्या.

"म्हणजे मारेकऱ्यांना ही नकोच होती," त्या हळूच म्हणाल्या. "मूल खाली ठेवलं असतं, तर हिला जाता आलं असतं."

रक्तावरून नातं कळतं. ती का थांबली, हे माझ्या कुठल्याच तपासणीत आलं नव्हतं.

"त्याला हिच्याजवळच राहू द्या," माईसाहेब म्हणाल्या.

समाधीत ती दोघं एकाच पेटीतून गेली.