माऊस तिच्याकडे, कीबोर्ड माझ्याकडे

धाकटी बहीण लग्न होऊन सुरतेला गेली आणि आमचा गेम बंद पडला. शहाद्याच्या घरी कॉम्प्युटर एकच, म्हणून आम्ही दोघं मिळून एकच खेळाडू चालवायचो. कीबोर्ड माझ्याकडे, माऊस तिच्याकडे. मी पळवायचो, ती नेम धरायची. ती गेल्यावर एकटा बसलो तेव्हा कळलं, मला नेम धरताच येत नाही. तिकडे नवऱ्याच्या लॅपटॉपवर तिचंही तेच. चालायला गेली की भिंतीवर आदळायची.

एका दुपारी तिचा फोन आला. "भाऊ, आपण दोन्ही नवं सामान लिऊत. तू तठे खेळ, मी आठे."

मग महिनाभर आम्ही मॉनिटर बघितले आणि शेवटी दोनांवर येऊन अडलो. दोन्ही चोवीस इंची. एक एकशे चव्वेचाळीस हर्ट्‌झचा, दुसरा एकशे पासष्टचा. चित्र सरकण्यातला एवढा फरक आमच्या डोळ्यांना कळणार नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी साखर कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली, की मी उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेच्या कडेनं चालत तिला फोन लावायचो.

"त्या दुसराना स्टँड वरखाली व्हस का?" ती विचारायची.

आदल्या दिवशी तिनंच मला ते वाचून दाखवलेलं असायचं. मी पुन्हा सांगायचो. तीही पुन्हा ऐकायची.

माऊस मात्र हातात धरल्याशिवाय कळत नाही, म्हणून एका रविवारी नंदुरबारहून गाडी पकडून सुरतेला गेलो. आईनं दिलेली मिरचीपूड पिशवीत होती. बहीण दुकानात आधीच येऊन बसली होती. वाळली होती थोडी. दुकानदारानं काचेवर दोन माऊस ठेवले. आकार तोच, एक जरासा हलका. तिनं हलका उचलला, डोळे मिटले आणि मनगट झटकन वळवलं. माझी बोटं आपोआप कीबोर्ड शोधायला लागली. मी हात खिशात घातले.

"बेन, बंने सरखाज छे," दुकानदार गुजरातीत म्हणाला. दोन्ही सारखेच म्हणे.

"नथी," ती म्हणाली, आणि मग माझ्याकडे वळून, "मन्हा हात लहान शे ना, हाऊच बरा."

मॉनिटरची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, "तू लई ले. माले नको."

"का गं?"

"ठेवू कोठे? जेवणना टेबलवर? सासू काहीच बोलत नही भाऊ, पण मालेच बरं वाटत नही."

मी एकशे पासष्टवाला घेतला. तिला तो आवडला होता. स्टेशनवर तिनं मिरचीपुडीची पिशवी उघडून वास घेतला.

चार-पाच रविवार आम्ही खेळलो, ती लॅपटॉपवर, मी नव्या मॉनिटरवर. ती शिकली चालायला, माझा नेमही सुधारला. मग तिला दिवस गेले, बसवेना. आता बाळ आहे. फोन येतो, पण मागे रडणं चालू असतं आणि ती घाईत ठेवते.

जेवणाच्या सुट्टीत मी अजून मोबाईलवर मॉनिटर बघतो. सारखेच असतात सगळे. मला काही घ्यायचं नाही. पण दोनांतला कुठला बरा, हे तिला विचारावंसं वाटतं, आणि ती आत्ता बाळाला झोपवत असेल म्हणून फोन लावत नाही.